मग सांगायचं ना तसं

तुमच्याही इनबॉक्समध्ये असा ईमेल कधी ना कधी आला असेल. ऑफिसातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या कुणाला तरी बाळ होणार असतं, पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनला केक असतो, आणि ईमेलच्या तळाशी एक लिंक असते. ती उघडली की यादी. क्रिब, कारमधली खुर्ची, दुधाच्या बाटल्या, बाटल्या धुवायचा ब्रश, धुतलेल्या बाटल्या वाळत ठेवायचा स्टँड. प्रत्येक वस्तूसमोर किंमत, आणि जी कुणी आधीच घेतली तिच्यावर तसा शिक्का.

तुम्ही अशा वेळी काय करता मला माहीत नाही. मी काय केलं ते सांगतो. यादी स्वस्तापासून महागापर्यंत लावून घेतली, माझ्या पोस्टडॉकच्या पगाराला झेपेल अशा ठिकाणी थांबलो आणि वापरलेले डायपर टाकायची झाकणाची बादली घेतली. झाकण असं की वास बाहेर येत नाही म्हणे. सगळं मिळून तीन मिनिटं लागली. बटण दाबल्यावर वाटलं, विजेचं बिल भरल्यावर वाटतं तसं. एक काम हातावेगळं झालं.

बाळ होणार होतं ते माझ्या मैत्रिणीला. पुण्यात एमएस्सीला आम्ही एका वर्गात होतो. आता दोघंही विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला पोस्टडॉक आहोत. ती मेंदूच्या पेशींवर काम करते, मी मक्याच्या मुळांवर. तिचा नवरा मिलवॉकीला नोकरी करतो, रोज गाडीनं जाऊन-येऊन. बाळंतपणाला तिची आई येणार होती, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली ती बाळाच्या तारखेनंतर सात-आठ महिन्यांची. आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात हे घडून गेलंय, त्यामुळे जास्त सांगत बसत नाही.

डिसेंबरात मी तीन आठवडे घरी गेलो. माझं घर साताऱ्यात, तिचं वाईला. 'काकूंकडे एक चक्कर मार, त्या काहीतरी देणारेत' असा तिचा निरोप होता. काकूंनी गोधडी शिवून ठेवली होती. त्यांच्या सासूबाईंचं नऊवारी जुनेर वरच्या बाजूला, आत काकांच्या वडिलांच्या धोतरांचे थर, कडेला खणाची पट्टी. हातानं घातलेले टाके, बोटाच्या पेरात चार-पाच बसतील इतके जवळजवळ. दिवाळीनंतर शिवायला घेतली होती, म्हणाल्या. गुडघे धरतात म्हणून खाली न बसता पलंगावर पसरून शिवली. फोनवर त्या रोज मॅडिसनचं तापमान बघत होत्या. उणे अठरा, उणे वीस. 'एवढ्या थंडीत ते लेकरू कसं राहायचं?' मी गोधडी हातात तोलली आणि मनात हिशेब केला, दोन किलो तरी भरेल. तेवीस किलोंच्या दोन बॅगांत माझी पुस्तकं होती, भाजणी होती, डिंकाचे लाडू होते. दोन पुस्तकं घरी ठेवली.

निघताना काकूंनी विचारलं, 'आणखी काय लागतं रे तिकडं बाळाला? मला काही कळत नाही तिकडचं. अजून दहा दिवस आहेत, शिवून देते.'

मी म्हणालो, 'काही नाही काकू. तिकडं सगळं मिळतं.'

हे वाक्य लक्षात ठेवा. तुम्हीही म्हटलंच असेल कधीतरी. मी हे बोललो तेव्हा माझ्या फोनमध्ये ती यादी होती, आणि तिच्यातल्या निम्म्याहून जास्त वस्तू कुणी घेतलेल्या नव्हत्या.

जानेवारीच्या मध्यावर मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी सोडताना नर्सनं आईबापांना बसवून काही गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. त्यातली मुख्य ही, की बाळाला पाठीवर झोपवायचं, कडक सपाट गादीवर, आणि क्रिबमध्ये दुसरं काहीही ठेवायचं नाही. उशी नाही, मऊ खेळणं नाही, पांघरूण नाही. निदान वर्षभर. हा काही अमेरिकन भित्रेपणा नव्हे. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये बाळांना पालथं न झोपवण्याची शिफारस केली, १९९४ पासून देशभर त्याची मोहीम चालली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. मऊ अंथरूण-पांघरुणाचा धोका त्याच अभ्यासांतून पुढे आला. माझं शिक्षण असं की एवढा पुरावा समोर असताना मी 'आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात' असं म्हणू शकत नाही. मैत्रीणही म्हणू शकत नव्हती. शिवाय घरात हीटर चालू, तापमान एकवीस अंश. बाहेरच्या उणे वीसशी त्या मुलीचा संबंध दारापासून गाडीपर्यंतचा.

गोधडी घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेली.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. फोन माझ्या हातात होता, कारण मैत्रीण बाळाला पाजत होती आणि नवरा औषधं आणायला गेला होता. काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'गोधडी घातली का?' मी म्हणालो, 'हो काकू, तिच्यावरच तर झोपलेली आत्ता.' मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं गोधडी काढली, क्रिबमध्ये पसरली, जागी असलेली मुलगी तिच्यावर ठेवली, मी फोटो काढला, आणि दहा सेकंदांत मुलगी उचलून गोधडी परत कपाटात. तो फोटो वाईच्या फॅमिली ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच डीपी.

तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो. कुणाचं नुकसान झालं? बाळ सुरक्षित, आजी आनंदी. मला उलट आपण फार समजूतदारपणे वागलो असं वाटत होतं.

आता जरा भेटवस्तूंबद्दल. अर्थशास्त्रात या विषयावर एक बदनाम निबंध आहे, जोएल वाल्डफोगेल यांचा, १९९३ सालचा. त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळात तुम्हाला ज्या वस्तू मिळाल्या त्यांची किंमत किती असावी, आणि भावनिक मोल बाजूला ठेवून तुम्ही स्वतः त्यांना किती मोजाल? दोन्हींतला फरक दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत निघाला. म्हणजे शंभर डॉलरची वस्तू देऊन घेणाऱ्याच्या हाती सदुसष्ट ते नव्वदच पडतात, बाकीचे हवेत. दूरच्या नातेवाइकांच्या वस्तूंत ही तूट सगळ्यात जास्त, मित्रांच्या वस्तूंत कमी. निबंध वाचून लोक चिडतात, प्रेमाचा काय हिशेब मांडता म्हणून. मला तो वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. ही तूट येते कुठून? देणाऱ्याचं प्रेम कमी पडतं म्हणून नाही. घेणाऱ्याला काय हवंय ते त्याला ठाऊक नसतं म्हणून. मित्राला ठाऊक असतं, आत्याला नसतं.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे, पाकीट. एकशे एक, पाचशे एक, वर चिकटवलेलं रुपयाचं नाणं. वाल्डफोगेल खूश होतील. पण ते पाकीट आहेराच्या वहीत लिहिलं जातं, आणि त्यांच्याकडच्या बारशाला आपण किती दिले होते ते काढून बघितलं जातं. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ साली भेटवस्तूंवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हेच दाखवलं, की जगातल्या कितीतरी समाजांत देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनंच असतात, वर ती कितीही ऐच्छिक दिसोत. आहेराची वही त्याला आवडली असती. अमेरिकन यादीही आतून वहीच आहे. कुणी काय दिलं त्याची नोंद आपोआप होते आणि आभाराची कार्डं त्या नोंदीवरून लिहिली जातात. मलाही बादलीबद्दल एक आलं, मैत्रिणीच्या अक्षरात. तिनं ते बाळंतपणानंतर कोणत्या रात्री लिहिलं असेल या विचारानं मला लाज वाटली.

याच्या पलीकडचं देणं कसं असतं? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत. सात्त्विक दान ते, जे परतफेड करू न शकणाऱ्याला, द्यायचं म्हणून दिलं जातं, आणि देश, काळ, पात्र बघून दिलं जातं. लहानपणी आम्हाला हा अध्याय पाठ करायला लावला होता, तेव्हा पहिल्या अटीपुढे कधी लक्ष गेलं नाही. नवजात बाळ पहिली अट कुणाहीपेक्षा चोख पुरी करतं. ते परतफेड करणार नाही, आभार मानणार नाही, तुमचं नावही त्याला कळणार नाही. सगळी मेख दुसऱ्या अटीत आहे. देश आणि काळ. काकूंनी गोधडी दिली तेव्हा पात्र अचूक होतं आणि देश चुकला होता. वाईच्या जानेवारीत, फरशीच्या खोलीत, रात्रभर शेजारी आई आणि आजी आलटून पालटून जाग्या असलेल्या घरात ती अगदी बरोबर होती. आणि देश चुकला याला जबाबदार कोण? त्या तर विचारत होत्या. दारात उभं राहून, मला.

बाळाला द्यायच्या गोष्टींत आपल्याकडे एक शब्द आहे, बाळंतविडा. आजकाल दुकानात त्या नावाखाली झबली-टोपड्यांचा सेट मिळतो, पण शब्द बघा, तो बाळापासून झालेला नाही, बाळंतिणीपासून झालेला आहे. तिच्यासाठी साडी-खण, लाडू, आणि बाळासाठी दुपटी, कुंची, लाळेरी, जमलं तर वाळे. डोहाळजेवणातसुद्धा ओटी आईची भरतात. कितीतरी घरांत बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत, आणि आलं की अंगाला लावायचं ते जुन्या, शंभरदा धुतलेल्या सुताचं. त्यामागे कुणी श्रद्धा सांगेल, कुणी त्वचा सांगेल. मला एवढंच दिसतं, की ही सगळी पद्धत घरात चार बायका आहेत असं धरून चाललेली आहे. वस्तू थोड्या, कारण हात भरपूर.

इथे उलट आहे. हात नाहीत म्हणून वस्तू. डोलवणारा पाळणा, कारण डोलवायला कुणी नाही. इथल्या १९९३ च्या कायद्यानं बाळंतपणाला बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी, आणि नोकरीत वर्ष पुरं झालेलं असेल तर. तिच्या नवऱ्याला दोन आठवडे मिळाले. तिसऱ्या सोमवारपासून ती त्या घरात सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत एकटी होती. फिनलंडमध्ये सरकार प्रत्येक होणाऱ्या आईला कपडे, चादरी, गादी असलेली एक पेटी देतं. १९३८ मध्ये गरीब मातांसाठी सुरू झालेली ही पेटी १९४९ पासून सगळ्यांना मिळते. पेटीऐवजी रोख रक्कम घेता येते, तरी पहिलटकरणी बहुतेक पेटीच घेतात. अट एकच, गरोदरपणात ठरावीक मुदतीत दवाखान्यात तपासून घ्यायचं. मला त्या पेटीचा हेवा वाटतो तो कपड्यांसाठी नाही. तिथे कुणाला 'आम्हाला हे लागतं' असं म्हणावं लागत नाही. ते आधीच मान्य झालेलं असतं.

आपल्याला म्हणावं लागतं, आणि तिथेच आपली गाडी अडते. कुणाचे उपकार नकोत, भीड वाटते, मागणं म्हणजे लाचारी, या आपल्या घरच्या शिकवणुकी. पण मग यादीचं काय? ती आपण बिनदिक्कत लावतो. त्याच मैत्रिणीनं प्रयोगशाळेतल्या तिशीच्या आत-बाहेरच्या वीसेक अनोळखी-अर्धओळखी माणसांना सांगितलं, की मला बाटल्या धुवायचा ब्रश लागेल. आणि स्वतःच्या आईला सांगितलं, काही नको, आशीर्वाद असू दे.

मी यावर बराच विचार केला, कारण मी स्वतः तसाच आहे. परक्याला गरज सांगताना आपलं काही जात नाही, त्याला आपल्या गरजेचं दुःख होणार नसतं. आईला सांगितलं तर ती रात्रभर जागेल, ही काळजी खरी आहे. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे आणि ती तितकीशी उदात्त नाही. 'तिकडं सगळं मिळतं' या वाक्यावर आपलं इथे येणं उभं आहे. आईबापांना मागे ठेवून आलो ते कशासाठी, याचं ते उत्तर आहे. 'इथे मला अमुक मिळत नाही आणि ते तुझ्याकडे आहे' असं एकदा म्हटलं की ते उत्तर डळमळतं. म्हणून आपण ते म्हणत नाही. आणि समोरच्या बाईला ते कसं ऐकू येत असेल याचा विचार करत नाही. तिकडं सगळं मिळतं, म्हणजे मग मी कशाला आहे?

मार्चमध्ये बिंग फुटलं. ते फोडलं एका अगदी साध्या प्रश्नानं. काकूंनी विचारलं, 'गोधडी धुतेस कशी गं? बर्फात वाळते का?' मैत्रीण म्हणाली, अजून धुतली नाही. पलीकडे शांतता. दोन महिन्यांच्या मुलीखाली असलेली गोधडी एकदाही धुवावी लागली नाही, हे चार बाळंतपणं निस्तरलेल्या बाईला पटणं शक्यच नव्हतं. 'शू नाही लागली तिला?' मैत्रिणीला रडू आलं. त्यातलं निम्मं झोप नसल्याचं असेल. तिनं सगळं सांगितलं. नर्स, नियम, कपाट, फोटो.

मी त्या वेळी तिथेच होतो, शनिवारी वरणभाताचा डबा घेऊन गेलो होतो. मला वाटलं आता काकू दुखावणार, आणि मग समजूत काढण्याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो. काकू चिडल्या. खऱ्या चिडल्या, कामाच्या माणसाचा वेळ कुणी फुकट घालवला की तो चिडतो तशा. 'अगं मग सांगायचं ना तसं! पांघरूण चालत नाही तर नाही चालत. मी दुसरं काही शिवलं असतं. दोन महिने डोळे फोडले मी. तुम्हाला वाटलं काय, मी रडत बसेन?' मग कॅमेऱ्यात मी दिसलो. 'आणि तुला रे? तुला तर तोंडावर विचारलं होतं मी.'

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट देता येत नाही. आम्ही त्यांची भावना जपत होतो. जपताना हे धरून चाललो होतो, की त्यांच्याकडे फक्त भावनाच आहे. त्यांचे हात, त्यांचा अंदाज, कापड बघून ते किती धुण्यांत मऊ पडेल हे सांगण्याचं ज्ञान, आणि नवी माहिती मिळाली तर बेत बदलण्याची अक्कल, यातलं काहीच आम्ही हिशेबात धरलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही सहकाऱ्याशी मी असं वागलो असतो तर त्यानं तो अपमान समजला असता.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, प्रत्येक आजी अशी नसते. खरं आहे. माझ्या स्वतःच्या आजीनं आठ वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या बाळासाठी घरी पाडलेलं काजळ पाठवलं होतं, लंडनजवळ. तिथल्या हेल्थ व्हिजिटरनं काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं म्हणून स्पष्ट नाही सांगितलं होतं. बहिणीनं डबी ठेवून घेतली आणि आजीला सांगितलं, लावते हं. आजी त्या समाधानातच गेली. त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही, आणि काकूंबद्दल वाटतं. दोन्हीकडे खोटंच बोललो, मग फरक कुठला? आजी नव्वदीला आली होती, हे एक. पण मला वाटतं मुख्य फरक असा, की आजीनं काही विचारलं नव्हतं. तिला द्यायचं होतं, तिनं दिलं. काकूंनी आधी विचारलं होतं. जो माणूस विचारतो त्याला खरं कळण्याचा हक्क असतो, तो उत्तर घेऊन काहीतरी करणार असतो. हा फरक सगळीकडे टिकेल का, मला खात्री नाही. 'लावतेस ना गं?' असं आजीनं विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

असो. त्या दिवशी चिडणं संपल्यावर काकूंनी चष्मा लावला, वही घेतली आणि म्हणाल्या, 'आता बोल. काय काय लागतं?' मैत्रिणीला आधी सुचेना. मग म्हणाली, आई, ही दूध काढते सारखी. खांद्यावर टाकायला कापडं लागतात, दिवसाला सात-आठ. इथली विकतची धुतली की खरखरीत होतात. आणि मऊ असतात ती महाग. दुकानात त्यांना मसलीन म्हणतात. काकूंना तो शब्द कळेना. मी म्हणालो, मलमल हो काकू. त्या एवढ्या हसल्या की फोन हलला. मलमलीचे चार तुकडे पंचवीस डॉलरला, हे त्यांनी काकांना आतल्या खोलीत जाऊन सांगितलं.

एप्रिलमध्ये कुरिअरनं पार्सल आलं. काकांच्या जुन्या धोतरांचे आणि दोन वॉयलच्या साड्यांचे हातभर चौकोन, तीन डझन, कडा आत दुमडून शिवलेल्या. दहा लाळेरी, मागे नाडीऐवजी बटण, कारण गळ्याभोवती नाडी नको हे आता त्यांना सांगितलेलं होतं. टपालखर्च कापडाच्या किमतीच्या दहापट तरी असेल. वाल्डफोगेल काय म्हणाले असते ते म्हणोत. त्या घरात आजवर आलेल्या वस्तूंत सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं काही असेल तर ते चौकोन. तोंड पुसायला, अंग पुसायला, खांद्यावर, मांडीवर, एकदा तर मैत्रिणीच्या नवऱ्यानं चष्मासुद्धा त्यानंच पुसला आणि बोलणी खाल्ली. कोणता तुकडा कुणाच्या साडीचा हे आता कुणाच्या लक्षात नाही. धुवून धुवून रंग गेलेत. काही फाटले, त्यांनी ओटा पुसला जातो.

माझी बादलीही वापरात आहे. तिला त्याच कंपनीच्या पिशव्या लागतात हे मी घेताना वाचलं नव्हतं. मैत्रीण दर महिन्याला त्या विकत आणते. म्हणजे मी तिला एक मासिक खर्च भेट दिला. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. परवा मीच विचारलं तेव्हा म्हणाली.

गोधडी जमिनीवर आली. जागेपणी, कुणीतरी समोर बसलेलं असताना, बाळाला पालथं घालून मान उचलायची सवय करायला सांगतात इथे. त्यासाठी ती पसरतात. आता मुलगी तिच्यावरून रांगत बाहेर जाते. गोधडीला शू लागली, दूध लागलं, एकदा गाजराचं पुरण लागलं, आणि ती कशी धुवायची यावर वाई ते मॅडिसन अर्धा तास चर्चा झाली. गार पाणी, पिळायची नाही, आडवी वाळवायची. आडवी वाळवायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पडून होती.

काकूंची मुलाखत झाली, व्हिसा मिळाला, ऑक्टोबरचं तिकीट आहे. गेल्या रविवारी त्यांनी मला फोन केला, मुलीला नाही, मला. म्हणाल्या, 'तिला विचारलं तर अजून अर्धंच सांगते. तू सांग, काय काय आणू? नीट लिहून पाठव.' मी कागद घेऊन बसलो. भाजणी, मेतकूट, असं दोन ओळी लिहिलं आणि थांबलो. हे तर मला हवं होतं. त्या घरात आत्ता खरोखर काय लागतं, तीन गल्ल्या पलीकडे राहून मला माहीत नव्हतं. मैत्रिणीला मेसेज केला, की आई विचारतायत आणि मला खरं उत्तर हवंय. रात्री साडेअकराला तिचा व्हॉइस मेसेज आला, सहा मिनिटांचा. मागे मुलगी रडत होती. मी पेन उघडलं आणि पहिल्यापासून ऐकायला लागलो.